‘वाट पाहणं’ कसं काढायचं? साध्या खुणांतून अमूर्त कल्पना मांडण्याची कृती

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं ओढलेली एक लाल आडवी रेघ आहे. शेजारी फक्त ‘२०१९’. रेघ माझ्या डोक्याच्या वीतभर वर आहे. रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात नवा माणूस आला की मी त्याला आधी तिथं नेतो आणि विचारतो, “यात पूर कुठं काढलाय?” लाटा नाहीत, होडी नाही, निळा रंगही नाही. तरी माणूस आधी रेघेकडं बघतो, मग स्वतःच्या छातीकडं, मग पुन्हा वर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. हे आकडे वाचून जे होत नाही ते त्या रेघेखाली उभं राहिलं की होतं. तिनं पाण्याचं चित्र काढलेलंच नाही. पाणी कुठवर चढलं एवढंच तिनं सांगितलं, आणि बाकीचं काम बघणाऱ्याच्या उंचीनं केलं.

खाली दिलेली सगळी कृती याच रेघेकडं जाण्याची आहे. चित्रकला यायलाच हवी असं नाही. उलट हात फार तयार असेल तर सुरुवातीला थोडा त्रासच होतो.

आधी शब्दाचं क्रियापद करा

वर्गात ‘न्याय’ म्हटलं की तराजू येतो, ‘प्रेम’ म्हटलं की बदाम, ‘शांती’ म्हटलं की कबुतर, ‘कल्पना’ म्हटलं की पेटलेला बल्ब. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांचे तराजू तर फार सुबक असतात, पारडी अगदी मोजून. ही चिन्हं वाईट नाहीत, पण उसनी आहेत. तुमचा न्याय, म्हणजे बांधावरून वीस वर्षं चाललेल्या केसचा न्याय, त्या तराजूत मावत नाही.

नाम काढायला गेलं की वस्तू येते. क्रियापद काढायला गेलं की हालचाल येते, आणि रेघ म्हणजे हालचालीचा मागच असतो. म्हणून कल्पनेला पहिला प्रश्न विचारायचा: तू करतेस काय? दाबतेस, ओढतेस, पसरतेस, अडवतेस, की पाझरतेस?

इथं मराठी आपल्या फार उपयोगी पडते. भीतीनं पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो, काळजात चर्र होतं, जीव टांगणीला लागतो आणि शेवटी भांड्यात पडतो. म्हणजे गोळा, काटा, ओरखडा, लोंबणं, पडणं. निम्मं रेखाटन भाषेनं आधीच करून ठेवलंय! नात्यांचंही तसंच: दुरावा, ओढ, ताण, तिढा, गुंता, पीळ, दरी. हे शब्द दोरीचे, जमिनीचे, अंतराचे आहेत. आपण ते रोज बोलतो, त्यामुळे त्यातला आकार दिसेनासा झालाय इतकंच.

कृती अशी. वहीच्या पानावर मधोमध तुमचा शब्द लिहा. भोवती त्याच्याशी लागून येणारी दहा-बारा क्रियापदं आणि वाक्प्रचार लिहा. सुचत नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांच्याकडं साठा मोठा असतो. मग ज्यात हालचाल नाही ते खोडा.

या लेखापुरता आपण ‘वाट पाहणं’ घेऊ. ताटकळणं, खोळंबणं, येरझाऱ्या घालणं, डोळे लावून बसणं, घटका मोजणं. नीट बघा, हे पाच वेगळे प्रकार आहेत. खोळंबण्यात चालू असलेलं काहीतरी अडलंय. येरझाऱ्यांत तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवली जातेय. घटका मोजण्यात काळाचे सारखे तुकडे पडलेत. डोळे लावून बसण्यात सगळा ओढा एकाच बाजूला आहे. तुम्हाला यातलं नेमकं कोणतं वाट पाहणं सांगायचंय, ते इथंच ठरवा. इथं आळस केला तर पुढं कितीही शाई सांडली तरी उपयोग नाही.

साहित्य

एका रंगात काम करा, काळ्या. रंग आला की तो अर्ध्या गोष्टी परस्पर सांगून टाकतो आणि रेघ आळशी होते. ए-थ्री आकाराचा जाडसर कागद, काळी ड्रॉइंग इंक आणि एक पसरट बशी. वॉटरप्रूफ इंक वापरत असाल तर कुंचले लगेच धुवा. ती एकदा वाळली की केस कायमचे कडक होतात. फाउंटन पेनमध्ये ती घालूच नका.

अवजारं मात्र विकत आणू नका. कडब्याचं पेर, चावलेलं उसाचं चिपाड, वाळलेल्या दोडक्याची जाळी, सुतळी, जुना दाढीचा ब्रश, केरसुणीच्या चार काड्या, मोडकी कंगवी. हवा असेल तर बोरू. साध्या पेन्सिलीला मी पहिले दोन रविवार बंदी घालतो, कारण पेन्सिल हातात आली की हात आपोआप घर, डोंगर, सूर्य काढायला लागतो. चिपाडानं घर काढता येत नाही, हाच त्याचा गुण.

सोळा घरांचा कागद

ए-थ्री कागद चार वेळा घडी घालून उलगडा. सोळा घरं होतात, प्रत्येक साधारण साडेदहा बाय साडेसात सेंटिमीटरचं. मघाच्या यादीतलं एक क्रियापद घ्या आणि एका घरात तेवढंच करा. ‘काढा’ म्हणत नाही, ‘करा’ म्हणतोय. ‘अडणं’ असेल तर हात जोरात न्या आणि अडवा. ‘झिरपणं’ असेल तर कागद आधी ओला करा आणि शाईचं टोक नुसतं टेकवा. एका घराला अर्धा मिनिट. वस्तू नको, अक्षर नको, बाण तर मुळीच नको. बाण म्हणजे रेघेला लावलेली कुबडी.

करताना तीन गोष्टी मुद्दाम बदलत राहा: दाब, वेग आणि शाई. एकच आडवी रेघ सावकाश ओढली की कडा थरथरते, कारण हाताचा प्रत्येक कंप तिच्यात उतरतो. झटक्यात ओढली की कडा साफ आणि शेवट निमुळता. ब्रश जवळजवळ कोरडा करून ओढला तर शाई कागदाच्या फक्त उंचवट्यांवर लागते, खळगे पांढरे राहतात. ही तुटक, खरखरीत रेघ थकवा, म्हातारपण, आठवण यांना फार जवळची आहे. भरपूर शाईची जाड रेघ हटवादी वाटते. चिपाडाची रेघ मध्येच दोन फाटे फोडते, ते ठरवून करता येत नाही. आलं की ठेवून घ्या.

येरझाऱ्यांचं घर करताना वर्गातल्या एका मुलीनं त्याच जागेवरून काडी इतक्या वेळा पुढंमागं नेली की कागदाचा पापुद्रा निघाला. ती रडकुंडीला आली, “सर, फाटला.” मी तो कागद वर्षभर भिंतीवर लावून ठेवला होता. वाट पाहून पाहून माणूस झिजतो, ते तिथं झालं होतं.

असे तीन कागद, म्हणजे अठ्ठेचाळीस घरं, एका बैठकीत भरा. पहिली दहा-बारा शहाणी येतात, मग कंटाळा येतो, आणि कंटाळ्यानंतरची बरी असतात.

दुसऱ्याचे डोळे

आता ही घरं कोणाला तरी दाखवा, शब्द न सांगता. “हे काय आहे?” असं विचारू नका, माणूस लगेच झाड, साप, ढग शोधायला लागतो. “हे काय करतंय?” असं विचारा.

खुणांना असा सामायिक अर्थ असतो का, ही शंका रास्त आहे. काही प्रमाणात असतो. वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये एक टोकदार आणि एक गोलसर आकृती आणि दोन निरर्थक शब्द घेऊन हे मांडलं. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच विषय ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी पुन्हा पुढं आणला: अणकुचीदार आकृती ‘किकी’ आणि वळणदार ती ‘बूबा’, असं सुमारे ९५ टक्के लोक सांगतात, असं त्यांनी नोंदवलं. घरी करून बघा. माझ्या वर्गात ‘टकाटक’ आणि ‘लोळण’ हे शब्द घेऊन केलं, तेव्हाही कुणी अडखळलं नाही.

पण सगळंच असं सार्वत्रिक नसतं, आणि इथं मी एकदा चांगलाच आपटलोय. ‘मोकळेपणा’साठी मी एक वर्तुळ काढलं होतं, एका बाजूला उघडं. मला ते दार उघडल्यासारखं वाटत होतं. वर्गातल्या एका मावशींनी ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “बांगडी वाढवलीय का हो कुणाची?” आपल्याकडं फुटलेल्या बांगडीला फुटली असंही म्हणत नाहीत, इतकं ते मनाला लागणारं. तेव्हापासून गोल, फुली, लाल ठिपका, पावलं, स्वस्तिकाच्या जवळपास जाणारं काहीही केलं की आधी दोन-तीन वयस्क बायकांना दाखवतो. रांगोळीत आयुष्य गेलेल्या हातांना चिन्हांची जेवढी जाण असते तेवढी आम्हा चित्रकलेच्या मास्तरांना नसते.

जागा

एकच ठिपका घ्या. पाच सेंटिमीटरचे सहा चौकोन आखा आणि तो ठिपका प्रत्येकात वेगळीकडं ठेवा: मधोमध, तळाला टेकलेला, वरच्या कडेला चिकटलेला, उजव्या कोपऱ्यात, डाव्या कडेबाहेर अर्धा गेलेला, आणि मधल्याच्या किंचित बाजूला. मधला निवांत असतो. तळाचा पडलाय किंवा बसलाय. वरचा अजून पडायचाय. अर्धा बाहेर गेलेला एक तर येतोय किंवा जातोय. आणि मधल्याच्या जरासा बाजूचा सर्वांत बेचैन करतो, हात शिवशिवतात त्याला सरकवायला. शाई तीच, ठिपका तोच.

आपण देवनागरी डावीकडून उजवीकडं वाचतो, म्हणून ‘पुढं’ म्हणजे आपल्याला उजवीकडं वाटतं. मिरजेचे उर्दू वाचणारे दोघे वर्गात होते. ‘सुरुवात’ या शब्दासाठी त्यातल्या एकानं उजव्या कडेपासून रेघ आत आणली. चूक नव्हतीच ती. तुमचं चिन्ह कोण वाचणार, ते मनात धरूनच दिशा ठरवा.

खालून वर जाणारा काळ बघायचा असेल तर एखाद्या जुन्या देवळाबाहेरचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड बघा. आपल्या भागात आणि साताऱ्याकडं वाईजवळच्या किकलीत ते बरेच आहेत. सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर, त्याच्यावर अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय. मृत्यूनंतर काय, एवढा अवघड विषय तीन कप्प्यांच्या जिन्यात बसवलाय. आणि माथ्याजवळ एक गोल आणि एक कोर: सूर्य-चंद्र. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. ‘चिरकाल’ हा शब्द दोन खुणांत. पाथरवटाला लिहिता येत होतं की नाही, याच्याशी त्याचं काही अडलं नाही.

गाळणी

आता अठ्ठेचाळीस घरांतून पाच निवडा. मग निवडलेल्या प्रत्येक घरावर ट्रेसिंग पेपर ठेवून ते पुन्हा करा, पण निम्म्या फटकाऱ्यांत. पुन्हा ट्रेसिंग, पुन्हा निम्मे. एका टप्प्यावर अर्थ निसटतो. त्याच्या आधीचा कागद तो तुमचा.

दसऱ्याला पाटीवर काढतात ती सरस्वती आठवा. लहानपणी आपण ती ‘१’ च्या आकड्यांनी काढायचो, एक शेजारी एक, उभे, तिरके, आणि त्यातूनच ती उभी राहायची. डोळे नाहीत, वीणा नाही, हंस नाही. पाटीवर पोरानं गिरवलेला पहिला आकडा आणि विद्येची देवता एकाच खुणेत. याहून नेटकी गाळणी मी तरी पाहिलेली नाही, आणि ती घरोघरी होती.

गाळताना सारखा मोह होतो तो मोठं करण्याचा. ‘खूप’ दाखवायचं की आकार मोठा करायचा. ऑटो नॉयरॅथनं १९२० च्या दशकात व्हिएन्नात आकडेवारी चित्रांतून मांडायची पद्धत बसवली, तिचा एक नियम कायम लक्षात ठेवण्यासारखा आहे: संख्या वाढली तर चिन्ह मोठं करायचं नाही, तेच चिन्ह पुन्हा पुन्हा ठेवायचं. उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळा फसतो. भावनांनाही हे लागू पडतं. मोठा काटा एकदाच टोचतो. बारीक काट्यांची ओळ सलत राहते.

जोडीनं काम करा

हा टप्पा लोक टाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. एकट्या कल्पनेपेक्षा उलट अर्थाची जोडी घ्या: दुरावा आणि ओढ. दोन सारख्या उभ्या रेघा घ्या आणि खुणा न बदलता, फक्त त्यांचं नातं बदलून दोन्ही सांगा. दोघी लांब असल्या म्हणजे दुरावा झालाच असं नाही, हे लगेच कळतं. लांब पण एकमेकींकडं कललेल्या रेघांत ओढ असते. जवळजवळ चिकटलेल्या पण वरच्या टोकाला बाहेर वाकलेल्या रेघांत जो दुरावा दिसतो, तो बऱ्याच घरांत दिसतो. एक विवाहित जोडपं वर्गाला यायचं, त्यांनी हा सराव केला आणि बराच वेळ दोघं गप्प होते. मी चहा मागवला.

अजून जोड्या: हक्क आणि उपकार, सवय आणि व्यसन, गर्दी आणि समाज. शेवटची सोपी वाटते, पण नाही.

शिक्क्याची कसोटी

काही वर्षांपूर्वी एका बचत गटासाठी मी ‘एकजूट’ दाखवणारं चिन्ह केलं. पाच रेघा एकमेकींत विणलेल्या, वेणीसारख्या. कागदावर देखणं दिसत होतं. गटानं त्याचा रबरी शिक्का करून घेतला, जेमतेम रुपयाएवढा. पहिल्याच अर्जावर उठवला आणि रेघांमधल्या फटी शाईनं भरून गेल्या. बँकेतला माणूस म्हणाला, “पोळी करपलीय.” चूक सर्वस्वी माझी होती. शेवटी दोन कमानी ठेवल्या, एकीचं टोक दुसरीवर टेकलेलं. दुसरी काढली तर पहिली पडते. तोच शिक्का अजून चालतो.

म्हणून शेवटच्या पाचही चिन्हांना या परीक्षा द्या. दोन सेंटिमीटरचं करून झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. उलटं धरून बघा. उलटं धरूनही अर्थ तोच राहिला तर दिशेचा काही उपयोग झाला नव्हता. पाच फुटांवरून बघा. काडीनं मातीत काढून बघा. आणि दुसऱ्या दिवशी आठवणीतून काढा. जे विसरलात ते बहुधा नकोच होतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि मतदाराला चिन्ह बघूनच आपल्या उमेदवाराची वेगळी मतपेटी ओळखायची होती. तेवढा कडक ग्राहक समोर आहे असं समजून काम करा.

तात्यांची रांग

वर्गात एक तात्या येतात, जत तालुक्यातले, एसटीतून निवृत्त. नदीकाठच्या आम्हा लोकांना पाणी येण्याची भीती. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात पाणी येण्याची वाट. त्यांनी ‘वाट पाहणं’ घेतलं आणि पहिल्याच कागदावर टँकर काढला, चाकांसकट.

“वस्तू नको, तात्या.”

“मग घागरी काढू का?”

घागरी काढल्या. पुढच्या कागदावर वरून बघितल्यासारखी घागरींची नुसती तोंडं राहिली, कडब्याच्या पेरानं उठवलेली, अकरा कडी एका रांगेत. कागदभर पसरलेली. मोजणी झाली होती, पण वाट पाहणं नव्हतं. मी म्हणालो, ती सगळी एका बाजूला सरकवा. त्यांनी नव्या कागदावर सात कडी उजव्या कडेला एकमेकांना खेटून बसवली आणि डावीकडचा सगळा कागद कोरा सोडला. तिथं ते झालं. कड्यांना तोंड नाही, तरी सगळी डावीकडं बघतायत असं वाटायला लागलं. पुढं सातांची पाच झाली, पाचांची तीन. दोनावर आणली तर ती गप्पा मारत बसल्यासारखी दिसली, म्हणून परत तीन.

बांगडीचं विचारणाऱ्या त्याच मावशींना दाखवलं. आधीच्या कागदांवरच्या घागरी त्यांनी पाहिल्या नव्हत्या आणि टँकरही. म्हणाल्या, “कुणीतरी यायचंय.”

मग तात्यांनी माझं लक्ष नसताना कोऱ्या जागेच्या पार डाव्या टोकाला एक बारीक ठिपका दिला. मी काढा म्हणालो. ठिपका आला की ते वाट पाहणं राहत नाही, येणारं दिसायला लागतं. तो वेगळा शब्द झाला. तात्या म्हणाले, “सर, लांबनं धुरळा दिसतोय की न्हाई, एवढ्यावरच तर बसून असतो आम्ही.”

शेवटी त्यांनी दोन कागद केले, एक ठिपक्याचा, एक बिनठिपक्याचा. ठिपक्याच्या कागदामागं पेन्सिलीनं ‘मे’ लिहिलंय. दुसऱ्यामागं काही नाही.